पद्माक्कानं मारलेली रेघ

१९७४ साल. मी बत्तीस वर्षांचा होतो आणि कळंब्यापासून कागलपर्यंत माझ्या तोडीचा गुळव्या नव्हता. हे मी म्हणत नाही, माझा गूळ म्हणायचा. काहिलीत उसाचा रस आटतो, आणि नेमक्या कुठल्या घडीला ती काहील उतरायची हे ज्याला कळतं तो गुळव्या. बाकीचे नुसते चिपाडं जाळणारे. माझी शाळा चौथीत सुटली, पण पाकावरचे बुडबुडे मला वाचता यायचे, आणि त्या वाचनात मला कुणी नापास केलेलं नाही. एका बाईनं सोडून.

त्या बाईला सगळं गाव पद्माक्का म्हणायचं. होती डॉक्टरीण. पोर होत नाही त्या जोडप्यांची डॉक्टरीण. माहेर तिकडं सीमेवर, कानडी मुलखाला चिकटून, जैनांच्या घरातली. लग्न केलेलं नव्हतं. शहरात लक्ष्मीपुरीत कौलारू घर, पुढं लांब सोपा, आत दवाखाना. मनगटावर पुरुषी घड्याळ, पायात पुरुषी चपला, त्याही करकर वाजणाऱ्या. आधी चपला ऐकू यायच्या, मग आवाज, मग बाई दिसायची. गड्यांना ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. बायकांना तंगी, म्हणजे धाकटी बहीण, आणि म्हाताऱ्यांना अव्वा, म्हणजे आई. जिल्हाधिकारी आला असता तरी तम्माच झाला असता.

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती. घरात पाळणा नाही. आईनं शालनला, म्हणजे माझ्या बायकोला, कुठं कुठं म्हणून नेलं नसेल! अंगारे झाले, पोट चोळून झालं, कुठल्याशा झाडाची मुळी दुधातून झाली. एका बाबानं तर निम्मे पैसे आधी घेतले आणि निम्मे मुलगा झाल्यावर म्हणाला. शेवटी आईनं जाहीर केलं, "गुढीपाडव्यापतोर बघती. न्हाई तर बिद्रीकडची पोरगी बघून ठेवलीया." शालननं आपली ट्रंक माळ्यावरून काढून पुसली आणि भिंतीला लावून ठेवली. येता-जाता माझा पाय त्या ट्रंकेला लागायचा.

दसरा झाल्यावर आम्ही तिघं पद्माक्काकडं गेलो. मी, शालन, आणि पुढं आई.

सोप्यात पाऊल टाकलं तर काय, ओळीनं म्हाताऱ्या बसलेल्या, आणि मधे भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. सगळ्या शेंगा फोडत होत्या. ही पद्माक्काची पहिली तऱ्हा. सासू दारातच ठेवायची आणि हातात शेंगा द्यायच्या. "अव्वा, हात रिकामा आसला की तोंड चालतंय. बसा." आणि आत फक्त दोघं. आमच्या आईला असं कुणी बाहेर बसवलेलं नव्हतं. ती कडाडली, "ह्या बाईला काय कळतंय? हिला सोताला पोर हाय व्हय?"

पद्माक्का दारात थांबली. "अव्वा, तुमच्या म्हशीच्या डाक्टरला कदी रेडकू झाल्यालं बघितलासा?"

सगळा सोपा हसला. आई हसली नाही. पण खाली बसली, आणि शेंग फोडली.

दुसरी तऱ्हा म्हणजे बाकड्यावरचं भाषण. रोज सकाळी आलेल्या सगळ्या नव्या जोडप्यांना एका बाकावर बसवून ती समोर उभी राहायची आणि मोठ्यानं सांगायची. गुपचूप काही नाही. बायका पदरात तोंड लपवायच्या, गडी छताची कौलं मोजायचे. ते भाषण मी इतक्या वेळा ऐकलं की अजून तोंडपाठ आहे.

"ऐका. पयला पैसा सांगते, मग काम. भेटीचं पाच रुपयं. गड्याची तपासणी, त्येचं दहा. बायकोच्या नळ्या उघड्या हाईत का ते बघायला फोटो काढावा लागंल, त्यो मिरजंला. त्येचं पैसं त्यो घेतोय, मी न्हाई, त्येच्यासंगं माझी वाटणी न्हाई. गोळ्या लागल्या तर लागल्या, न्हाई तर न्हाई. रोज सकाळी हातरुणातनं उठायच्या आदी बायकोनं तोंडात थरमामीटर धरायचा. चा नंतर. आणि टायम लागंल. सा महिनं लागतील, वरीस लागंल. घाई आसंल त्येनं आत्ताच उठा, चप्पल बाहीर हाय. पोर झालं म्हणून मी एक पैसा जास्त घ्यायची न्हाई, झालं न्हाई म्हणून एक पैसा परत द्यायची न्हाई. मी वैद्यकी करते तम्मा, मटका लावत न्हाई."

आणि मग शेवटचं कलम. "आधी गडी तपासायचा. मग बाई."

मी ताडकन उठलो. आठ वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "माझ्यात काय बी खोट न्हाई."

"कुठनं आलास?"

"कळंब्यासनं."

"कदी सुटलास?"

कळंब्याला मोठा तुरुंग आहे, ते सगळ्यांना ठाऊक. बाकडं हसून हसून हललं. मी सांगितलं, गुळव्या आहे, गुऱ्हाळ आहे आमचं. तसे तिचे डोळे चमकले. गूळ म्हणजे तिचा जीव की प्राण.

"गुळव्या होय! मग सांग. गूळ बिगाडला तर तू आधी काय बघतोस? काहील?"

"न्हाई. आधी रस बघायचा."

"मग तुजा कवा बघायचा?"

शालन इतकी वर्षं माझ्या घरात होती, ती हसली तर कसा आवाज येतो हे मला त्या दिवशी कळलं.

मी तयार झालो ते बाईला घाबरून नव्हे. तर्कानं ती बरोबर होती, आणि तर्क मला पटतो. तिनं एक बारकी बाटली दिली. घरून आणायची, उशीर लावायचा नाही, आणि एक गोष्ट तिनं मला बजावून सांगितली. "गार हुऊ द्यायची न्हाई. गरम ठेव. काखेत धर."

आता काखेत कशाला? सायकल चालवायची का काख सांभाळायची? आणि एखादी गोष्ट गरम कशी ठेवायची हे गुळव्याला शिकवायचं असतं काय? मी डालड्याचा रिकामा डबा घेतला. चुलवाणातली, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीतली, गरम राख त्यात भरली. मधोमध बाटली रोवली, वरून गोणपाट बांधलं, आणि डबा सायकलच्या हँडलला अडकवून लक्ष्मीपुरी गाठली. वाटेत एक ओळखीचा भेटला, म्हणाला, "काय पावणं, विस्तू कुणाकडं चाललाय?" मी म्हणालो, "डाक्टरकडं." तो बराच वेळ रस्त्यात उभा होता.

पद्माक्कानं बाटली उचलली आणि "अव्वव्वो!" करून मेजावर टाकली. बोटं चोखली. मग फडक्यानं धरून काचेवर थेंब घेतला, दुर्बिणीत डोळा घातला. बघितलं. परत बघितलं. मान वर केली.

"तम्मा, हे शिजलंय की!"

आणि हसायला लागली. चष्मा काढला, हसली. टेबल धरलं, हसली. बाहेर सोप्यात शेंगांचा कडकड आवाज थांबला. एवढं कुणी हसताना मी दवाखान्यात काय, तमाशातही बघितलेलं नाही. मी म्हणालो, "तुमीच म्हनला, गरम ठेव. गरम म्हंजे किती गरम ते सांगाया नको? आमच्यात गरम म्हंजे गरम." हे मी आजही म्हणतो. चूक सांगणाऱ्याची होती. आणि बाईचा मोठेपणा असा की तिनं ती मानली. त्या दिवसापासून बाकड्यावरच्या भाषणात एक वाक्य वाढलं. "गरम म्हंजे अंगाएवढं. गुळाएवढं न्हाई. एक गुळव्या हुता कळंब्याचा…" नाव कधी सांगितलं नाही. पण कळंब्याच्या बाजूचे असे गुळवे तिच्याकडं किती जात असणार?

हसता हसता ती एकदम थांबली. चष्मा लावला.

"तू दीसभर हुबा कुठं ऱ्हातोस?"

"काहिलीपाशी."

"चुलवाण कुठं?"

"म्होरं. हितं," मी हात कमरेखाली दाखवला.

"लंगोट?"

"मग काय उघडा हुबा ऱ्हाऊ?"

तिनं बाटलीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "जे ह्या बाटलीत झालं, त्येच तुज्यात रोज हुतंय. सावकाश."

दुसरी बाटली मी काखेत धरून आणली. एका हातानं सायकल चालवत. ह्या वेळी तिनं मलाच दुर्बिणीत डोळा लावायला सांगितलं. आधी नुसती मळी दिसली. मग बेडकाच्या पिल्लांसारखं काहीतरी, शेपटीवालं. थोडकीच होती, आणि निम्मी झोपलेली. पण एक होतं! असं सुटलं होतं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, जसं कुणी त्याच्या मागं लागलंय. मी ओरडलो, "अक्का, ह्यो बघा! ह्यो गडी हाय!"

"बास की मग एक," ती म्हणाली. "पण त्येला साथीदार पायजेत. पाडव्यापतोर चुलवाणापुढं जायचं न्हाई. लंगोट सोड. गरम पाण्याच्या आंघोळी बंद. मग बघू."

शालनचं तिनं सगळं तपासलं. नळ्या उघड्या, सगळं ठीक. पण मला पाडव्यापर्यंत म्हणजे अख्खा हंगाम! गुळव्यानं हंगामात काहील सोडायची म्हणजे नवरदेवानं मांडवातून उठून जायचं. मी घरी येऊन सांगितलं, जमणार नाही. गूळ जाईल, नाव जाईल. शालन चुलीपाशी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंथरुणात थरमामीटर तोंडात धरून पडली होती, डोळे छताकडं, आणि भिंतीला ती ट्रंक. मी म्हटलं, थोडं लांब उभं राहून बघू.

लांब म्हणजे कसं, काहील उतरायची वेळ आली की पाय आपोआप जवळ जायचे. आणि एका दुपारी करकर चपला वाजल्या. स्कूटर बांधावर लावून पद्माक्का थेट गुऱ्हाळात! वरकरणी म्हणाली, "काकवी घ्यायला आले." आणि मी नेमका काहिलीवर वाकलेला.

ती ओरडली नाही. तिथला एक ऊस उचलला, पावलं न मोजता नुसती चालत गेली, चालत गेली, आंब्याच्या झाडापाशी थांबली आणि जमिनीवर उसानं रेघ मारली. लांबच्या लांब. मग माझी सगळी माणसं गोळा केली. चुलवाणात चिपाडं घालणारा दत्तू सगळ्यात दांडगा, त्याला पुढं घेतला. "तम्मा, तुज्या गुळव्याचा पाय ह्या रेघंच्या अलीकडं आला की बोंब मारायची. का म्हणून इचारायचं न्हाई." आणि काकवीचे रोख पैसे मोजून दिले, वर घासाघीसही केली. तिचा हाही एक नियम. रोग्याकडून फुकट काही घ्यायचं नाही, पण भाव मात्र पाडून मागायचा.

त्या दिवसापासून माझं काय झालं विचारू नका. मी आंब्याखाली खुर्ची टाकून. पाकाची गोळी पाण्यात टाकून वाटीतून माझ्याकडं पळवत आणायची, मी बोटांत दाबून बघायची आणि इथूनच ओरडायचं, "उतरा!" वाटी येईपर्यंत पाक पुढं गेलेला. मी उठलो की दत्तूच्या अंगात यायचं. "गुळव्या, रेघ! रेघ!" चिपाडं फेकून देऊन ओरडायचा, आणि सगळं गुऱ्हाळ त्याच्या मागं. शेजारच्या शेतातली पोरं आणि बायकासुद्धा रस्त्यानं जाताना ओरडायच्या, "गुळव्या, रेघ!" मार्केटातले व्यापारी म्हणाले, ह्या साली गुळात काही फरक नाही. त्यांना काय कळतंय. रंग एका छटेनं उतरला होता, मला दिसत होता. मी खुर्चीत बसून दात खाल्ले.

रोज संध्याकाळी घरी आलो की शालन एवढंच विचारायची, "रेघ पाळली?" मी म्हणायचो, "पाळली." ती ताट वाढायची.

मधल्या काळात भेटीला जायचो, तेव्हा सोप्यात काय काय बघायला मिळालं! इचलकरंजीचा एक यंत्रमागावरचा गडी होता, बायको बरोबर. चार वर्षं पोर नाही. पद्माक्कानं दोघांना तपासलं, दोघं ठणठणीत. मग विचारलं, रात्री कामावर कोण? तो म्हणाला, मी. दिवसा? दिवसा मी झोपतो, ही सूतगिरणीत जाते. पद्माक्कानं कपाळाला हात लावला. "मग चार वरसं तुमी भेटलासा कवा?" मागाच्या मालकाला चिठ्ठी लिहून दिली, ह्याला दिवसपाळी द्या म्हणून. तो गडी पाच रुपये द्यायला का-कू करायला लागला. "बाई, औषध तर काय दिलंच न्हाई." ती म्हणाली, "अक्कल दिली की! ती औषधापरास महाग. आज सस्त्यात दिली, घे."

आणि सूर्य. ते एक राहिलंच. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यानंतर पाणीदेखील नाही. दिवस कलायला लागला की ती घड्याळ नाही, सोप्यातली उन्हाची तिरीप बघायची. आत कुणी का बसलेलं असेना, उठायची. एकदा एक मोठा पुढारी मोटार घेऊन सुनेला दाखवायला आला होता. बाई आत ताटावर. "थांबा म्हणावं त्येला. सूर्य त्येच्यासाठी थांबायचा न्हाई." पुढाऱ्यानं सोप्यात बसून शेंगा फोडल्या. आमच्या आईशेजारी. आईनं त्याला शेंग नखानं कशी फोडायची ते दाखवलं, आणि ते ती मरेपर्यंत सांगत होती.

कारण आई आता आमच्याबरोबर न चुकता यायची. तिथं तिच्या ओळखी झाल्या होत्या. तरी बिद्रीचं बोलणं तिनं सोडलं नव्हतं. पद्माक्कानं एकदा ऐकलं, तशी म्हणाली, "दुसरी आणा की अव्वा, तिसरी आणा. पण ह्यो चुलवाणापुढं उठून गेला तर त्यांची बी फी मला मिळंल. माझं काय वाईट?" आईनं शेंग तोंडात टाकली.

पाडव्याला थोडे दिवस राहिले असताना शालनचा महिना चुकला. आम्ही गेलो. मी बाकड्यावर, शालन आत, आई शेंगांपाशी. चपला वाजल्या. पद्माक्का बाहेर आली, माझ्याकडं बघितलंच नाही. आईपुढं जाऊन उभी राहिली.

"अव्वा, बिद्रीला निरोप धाडा. म्हणावं, जागा भरली."

आईच्या हातातली शेंग तशीच. मग ती उठली, ओंजळभर दाणे घेतले आणि शालन दारातून बाहेर आली तसे तिच्या तोंडात कोंबले. शालनला हसावं की चावावं कळेना. घरी आल्यावर आईनं स्वतः ती ट्रंक परत माळ्यावर टाकली. मुलगी झाली. मंगल. मुलगा झाला नाही म्हणून कुणी काही बोललं, तर आई त्यालाच शेंगा फोडायला बसवील अशी तिची नजर.

मी पाच किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, घेऊन पद्माक्काकडं गेलो होतो. तिनं मार्केटचा भाव विचारला, दोन रुपये कमी दिले, आणि फोडून तिथंच खाल्ला. "ह्यो आंब्याखालचा का काहिलीपुढचा?" मी म्हणालो, "आंब्याखालचा." "ग्वाड हाय की!" मी म्हणालो, रंग कमी आहे. ती म्हणाली, "तुजी पोरगी गोरी हाय का काळी, ते बघत बसलास का?"

पुढं दहा वर्षं मी दरसाल गूळ नेत राहिलो. शेवटचं बघितलं ते १९८५ ला. कुणीतरी सांगितलं, पद्माक्का दवाखाना बंद करून माहेरच्या गावाला निघाली. मंगलला सायकलवर घेऊन गेलो. मंगल पाचवीत, म्हणजे तिच्या बापापेक्षा एक यत्ता पुढं. सोपा रिकामा. म्हाताऱ्या नाहीत. पोत्यातल्या तळाच्या शेंगा पद्माक्का स्वतःच फोडत बसली होती, पायातल्या चपला बाजूला काढून. उन्हाची तिरीप नुकतीच भिंतीवरून गेली होती.

तिनं मंगलला आपादमस्तक बघितलं. "हीच का ती, शिजायची ऱ्हायलेली?"

मंगलनं माझ्याकडं बघितलं. मी छताची कौलं मोजायला लागलो.

मी गूळ पुढं केला. तिनं हातात घेतला, नाकाला लावला, पण सूर्य गेला होता. "सकाळी खाईन." कनवटीचे पैसे काढायला लागली. मी म्हणालो, "अक्का, आता तुमी डाक्टर न्हाई, मी रोगी न्हाई." ती विचार करून म्हणाली, "मग भाव तरी सांग." सांगितला. "म्हाग हाय," म्हणाली, आणि पैसे आत ठेवले.

निघताना मी आमच्या दत्तूचं सांगितलं. तोच, रेघेवर बोंब मारणारा. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पोर नव्हतं, आणि त्याच्या बायकोला सासरी बोलणी बसत होती. तो अजून चुलवाणाच्या तोंडाशीच. मी म्हणालो, "अक्का, तुमी निघालासा. त्येला आता कोन बघनार?"

"डाक्टर चिक्कार झाल्यात गावात. तपासून घे कुठं बी. पण बाकड्यावरचं तुला पाठ हाय न्हवं?"

"पाठ हाय."

"मग सांग त्येला. पण तम्मा," आणि तिनं बोट वर केलं, "फी घेऊ नको. तुला त्यो अधिकार न्हाई."

सायकलवर मंगल पाठीमागून विचारत राहिली, "बाबा, शिजायची राहिलेली म्हंजे काय?" मी म्हणालो, "काय न्हाई, गुळाचं बोलत हुती."

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायला गुऱ्हाळात गेलो. दत्तूला आणि त्याच्या बायकोला बोलावून आंब्याखाली बसवलं आणि उभा राहून मोठ्यानं सगळं सांगितलं. पैसा आधी, मग काम, मग वेळ किती लागंल, आणि गरम म्हंजे अंगाएवढं. मग एक ऊस उचलला आणि जुनी रेघ जिथं होती तिथं नवी मारली. दत्तूला तिच्या पलीकडं उभा केला. आणि चुलवाणाच्या तोंडाशी त्याच्या जागेवर मी बसलो, आणि चिपाडं घालायला लागलो.